बासष्ट पायऱ्या आणि खारे वारे

“बासष्ट,” मी म्हणाले.

“काय बासष्ट?” ह्यांनी खालून विचारलं. हे अजून शेवटच्या वळणापाशी कठडा धरून उभे होते आणि दरी बघत असल्याचं दाखवत होते. दम लागलेला माणूस निसर्गाकडे फार प्रेमानं बघतो.

“पायऱ्या. खालच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत. कठडा एकाच बाजूला.”

“तुझं आपलं, दिसलं की मोजायचं.”

दिसलं की मोजायचं, हे खरं आहे. बार्शीच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं मी भांडारपाल होते. चादरी, उशांचे अभ्रे, स्टीलची भांडी, सगळं महिन्याच्या महिन्याला मोजून सही करायची. एक चादर कधी इकडची तिकडे झाली नाही. नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. फक्त चादरींच्या जागी माणसं आली.

घर दाखवायला आलेले भिलारे नावाचे गृहस्थ मात्र माझ्या आकड्यानं घाबरले. “मॅडम, पायऱ्यांचं मनावर घेऊ नका. वरपर्यंत रस्ता येतोय. पुढच्या वर्षी गाडी थेट तुमच्या दारात.”

“नक्की येतोय?” मी विचारलं.

“शंभर टक्के.”

माझा चेहरा पडला. भिलाऱ्यांना वाटलं, बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी लगेच दोन शपथा घेतल्या. आता त्यांना कसं सांगणार, की बाबा, रस्ता येणार नाही असं लिहून देत असशील तर आत्ता इथंच सही करते?

“आधी कुणाला असं सांगितलं होतं का हो, पुढच्या वर्षी येतोय म्हणून?” मी जरा खोलात गेले.

“तसं… खालच्या बंगलेवाल्यांना सांगितलं होतं.”

“ते केव्हा आले राहायला?”

“झाली की सात वर्षं.”

माझा जीव भांड्यात पडला. जागा मला एकदम आवडली. पाचगणीच्या अलीकडचा डोंगर, दोन खोल्या, पुढे हातभर व्हरांडा, समोर धोम धरणाचं पाणी आणि खाली बासष्ट पायऱ्या. त्या पायऱ्या माझ्या नणंदेला चढता येणार नव्हत्या.

आता लपवण्यात अर्थ नाही. ही गोष्ट होऊन बारा वर्षं झाली.

हे मास्तर. बार्शीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे. हे ह्यांनी अशा पोरांना शिकवलं ज्यांच्या गावात वारा एकाच जातीचा, तापलेला. कोकणचा किनारा हे फळ्यावर एका दमात काढायचे, खडू न उचलता. त्या किनाऱ्यावर पाय मात्र आयुष्यात दोनदा ठेवलेला, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीबरोबर, म्हणजे समुद्र कमी आणि पोरं जास्त बघितली. निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला आमच्या घरमालकानं घर पाडायला काढलं. मुलगी नागपूरला तिच्या घरी सुखी. ह्यांनी जाहीर केलं, “आता पाण्याजवळ राहायचं. समुद्रावर.”

मी म्हणाले, “डोंगरावर.”

“का?”

“हवा थंड असते.”

खरं कारण अक्का. ह्यांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आई गेलेल्या दोन धाकट्या भावांना तिनंच वाढवलं, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडताना आतून आवाज आला, “हळू गं, तांदूळ सांडू नकोस.” तेव्हापासून सव्वीस वर्षं तो आवाज घरात होता. अक्का वाईट नव्हती, हे आधीच सांगते. वाईट असती तर सोपं होतं. भांडले असते, मोकळी झाले असते. ती भांडायची नाही, खाकरायची. एकदा खाकरली म्हणजे आमटीत मीठ जास्त. दोनदा म्हणजे दारात कुणीतरी आलंय आणि तुझा पदर बघ. तीनदा म्हणजे, मी काही बोलत नाही हं. सव्वीस वर्षांत मी आणि हे, असे दोघंच बसून चहा प्यायलो ते अकरा वेळा. मोजलेत. त्यातले चार दवाखान्याच्या कँटीनमध्ये.

धाकटे दीर, प्रभाकर भावजी, सोलापूरला. मोठं घर, पण जाऊबाई अशी, की अक्का दोन दिवस राहायला गेली तर तिसऱ्या दिवशी चहा उशिरा, चौथ्या दिवशी चहा पातळ. अक्काचे गुडघे सुजलेले, डोळ्यात मोतीबिंदू. सपाट जागेचं घर घेतलं तर ती आमच्याबरोबर येणार. डोंगरावर घेतलं तर तिला प्रभाकर भावजींकडे जावं लागणार. कुणी कुणाला जा म्हणायला नको, सगळं काम पायऱ्या करणार. माझा हिशेब असा सरळ होता.

आम्ही खाली उतरलो. अक्का भाड्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर पाय लांब करून बसली होती, शेंगा सोलत.

“किती आहेत गं इंदे?” तिनं विचारलं.

“काय, अक्का?”

“पायऱ्याच. मघापासून ओठ हलत होते तुझे.”

“बासष्ट.”

“अस्सं.” तिनं एक शेंग फोडली. मी खाकरण्याची वाट बघत राहिले. एकदाही खाकरली नाही.

“अक्का, अगं दरी काय दिसते वरून!” हे म्हणाले.

“दिसेल की. दरी कुठं जात्येय? मुकुंदा, शेंगा खा. चेहरा उतरलाय तुझा.”

दुसऱ्या दिवशी समुद्र बघायचा होता. कुंभार्ली घाट उतरून त्याच संध्याकाळी चिपळूणला मुक्काम केला. लॉजवर मी अंघोळीला गेले आणि बाहेर आले तर ही बहीणभावंडं गॅलरीत खुर्च्या जोडून बोलत बसलेली. मी गेल्यावर दोघं गप्प. माझ्या डोक्यात लगेच नोंद झाली: समुद्रवाल्यांची बैठक. उद्या सावध राहायचं.

पालवेळ हे गाव गुहागरच्या दिशेनं, मुख्य रस्ता सोडून आत. घर बघितलं आणि मला धडकी भरली, कारण घर चांगलं होतं. एका ओळीत चार खोल्या, पुढे लांब पडवी, मागे विहीर, अंगण शेणानं सारवलेलं आणि परातीसारखं सपाट. सुरूच्या बनातून समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

“समुद्र किती लांब?” मी विचारलं.

“दीडशे पावलं, वहिनी,” शिगवण म्हणाला. हा त्या गावचा दलाल. म्हणजे दलाल असं तो म्हणायचा नाही, ‘मी आपला मधला माणूस’ म्हणायचा. “आणि सगळी सपाट. आजी काठी न घेता जातील.”

“खिडकीच्या गजांना गंज आहे.”

“खारी हवा, वहिनी. गज गंजतात, माणूस टिकतो. आमच्याकडं मरायला कुणी लवकर तयार होत नाय.”

“साप?”

“आहेत की. पण ओळखीचे.”

हे मात्र अंगणात डोळे मिटून उभे. दुपारचं ऊन कलायला वेळ होता आणि समुद्राकडून वारा सुटला होता. “खारे वारे,” हे म्हणाले, एखाद्यानं देवाचं नाव घ्यावं तसं. एकतीस वर्षं ज्याची साक्ष दिली तो आज समोर हजर झाला होता. मला त्यांची दया आली, पण मी ती आवरली.

“घर बरंय,” अक्का म्हणाली. “पण गावच्या देवाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. कौल लावा.”

“काल डोंगरावर नाही हो विचारलंत?” मी म्हटलं.

“तिथं कुणाला विचारायचं? सोसायटीच्या चेअरमनला?”

शिगवणचा चेहरा खुलला. “आमचा भैरी जागृत आहे, आजी. आणि गुरव माझ्या शब्दातला… म्हणजे चांगल्या ओळखीचा आहे.”

भैरीचं देऊळ नारळीच्या बागेत. लहानसा गाभारा, त्यात हात लांबवला तर पोचेल अशी काळ्या पाषाणाची मूर्ती. धोंडू गुरव साठीचा, काटक, बोलायला तुटक. त्यानं कण्हेरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि एक मूर्तीच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या.

“उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही,” त्यानं सांगितलं. “उजवी म्हणजे देवाची उजवी. आपली नव्हे. घाटावरच्या लोकांचं इथंच चुकतं.”

मग तो हात जोडून, आवाज चढवून बोलू लागला. “बा भैरी महाराजा, घाटावरची माणसं आज तुझ्या पायाशी उभी आहेत…”

“होय महाराजा!” शिगवण इतक्या जोरात ओरडला की बाहेरचे कावळे उडाले.

“त्यांचं इथं बरं होणार असेल तर उजवा दे, नसेल तर डावा देऊन वाट दाखव…”

“होय महाराजा! पण उजवाच दे महाराजा!”

“तू गप रे,” गुरव म्हणाला.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. हे माझ्या कानाशी आले. “उजवी पडणार. बघ, त्या बाजूला झरोका आहे. खारे वारे तिथून आत येतात. ती पाकळी आधी वाळणार. यात देवाचा काही संबंध नाही.”

“मग विचारलंत कशाला?”

“अक्काचं समाधान.”

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. पाकळ्या जागच्या जागी. भूगोलही हरला आणि शिगवणचा घसाही बसला. पाऊण तासानं गुरवानं मूर्तीला नमस्कार केला आणि पाकळ्या काढून घेतल्या. “देव आज बोलत नाही. जेवून या. मग परत लावू.”

“बोलत नाही म्हणजे हरकत नाही असंच की,” शिगवण म्हणाला.

“तुझं लगीन ठरताना पण असंच झालं होतं,” गुरव म्हणाला, “आणि तू हरकत नाही असंच धरलंस. बघ आता.”

जेवण शिगवणच्या घरी होतं. अक्काचा कार्तिकी सोमवारचा उपास. “तुम्ही जाऊन या,” ती म्हणाली. “मी इथंच बसते, गार आहे.” आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर ह्यांना आठवण झाली. “अगं, अक्काला निदान केळी तरी नेऊन दे. सकाळपासून पोटात काही नाही.”

दोन केळी घेऊन मी परत वळले. देवळाशी पोचले तेव्हा धोंडू गुरव काठी घेऊन धावत बाहेर पडत होता; कुणाचं तरी वासरू त्याच्या भाजीच्या वाफ्यात शिरलं होतं. जाता जाता म्हणाला, “आजींनी त्यांचा म्हणून कौल लावायला सांगितला. लावलाय. आलोच, तोवर हात लावू नका.”

चपला काढून मी सभामंडपात गेले. अक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली होती, पाठ माझ्याकडे. मूर्तीवर दोन ताज्या पाकळ्या. ती देवाशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी, खणखणीत.

“बाबा, मी आजवर कुणाला विचारून राहिले नाही. नवरा गेला, माहेरी आले, राहिले. आता विचारते. मुकुंदाला विचारलं तर तो हो म्हणेल. तो खोटं बोलेल. इंदीला विचारलं तर तीही हो म्हणेल, तीही खोटंच बोलेल. सव्वीस वर्षं तिनं मला वाढलं, एकदा ताट आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मला कळलं तरी असतं. तर तू सांग. ह्यांच्या दोघांत मी राहू? राहू तर उजवा दे. जाऊ, तर डावा.”

आणि तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं.

मी खांबापाशी उभी. हातात केळी. पुढे व्हावं की मागे, काही सुचेना. नोकरीत एकदा मोजणी चालू असताना दिवे गेले होते, तेव्हा अंधारात चादरींचा गठ्ठा हातात धरून अशीच उभी राहिले होते.

डावी पाकळी हलली. आधी एक टोक सुटलं, मग ती अख्खी, शांतपणे, खाली आली.

मला जे पाहिजे होतं ते साक्षात देवानं दिलं होतं, आणि तेही मी तोंड न उघडता. पायऱ्यांचीसुद्धा गरज उरली नव्हती. मी फक्त उभं राहायचं होतं.

अक्काचं डोकं अजून उंबऱ्यावर होतं. मी दोन पावलं पुढे गेले. उंबऱ्यावरून हात आत घातला, उजव्या बाजूच्या पाकळीला नख लावलं आणि ती पाडली. डावी उचलून घेतली, मुठीत धरली आणि मागे झाले. सगळं मिळून दोन श्वास लागले असतील.

अक्कानं डोकं वर केलं. “कोण? इंदे?”

“हो. केळी आणलीत.”

“काही पडलं का गं? मला मेलं नीट दिसत नाही.”

“उजवी,” मी म्हणाले.

“नीट बघ. देवाची उजवी, आपली नव्हे.”

“देवाचीच उजवी, अक्का.”

तेवढ्यात गुरव आला. त्यानं वाकून बघितलं. उजव्या अंगाखाली पाकळी पडलेली. डाव्या अंगाला काहीच नाही. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. “दुसरी कुठं गेली?”

“वाऱ्यानं गेली असेल,” मी म्हणाले. “खारे वारे आहेत.”

“उजवा कौल,” गुरवानं जाहीर केलं. अक्कानं केळ सोलायला घेतलं.

मी शिगवणच्या घराकडे निघाले. मुठीतली पाकळी वाटेत एका कुंपणाशी टाकली. हे मला सामोरे येत होते, चेहऱ्यावर काहीतरी कबूल करायचं असावं तसे.

“इंदू, थांब जरा. जेवताना सगळ्यांसमोर बोलता येणार नाही.” ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “डोंगरावरचं घर घेऊ आपण. मी भिलाऱ्यांना उद्या फोन करतो.”

“काय?”

“काल रात्री अक्का मला गॅलरीत म्हणाली. तुझ्या बायकोला डोंगर हवाय, तोच घे. तिनं आयुष्यात काही मागितलं नाही. मी प्रभाकरकडे जाते. मी खूप सांगितलं, ऐकेना. शेवटी मी हो म्हणालो. आजचं हे कौल वगैरे, इथवर आलोय म्हणून.” ह्यांनी पायानं वाटेवरचा खडा सरकवला. “मला समुद्र आवडतो, पण तेवढं काही नाही. पुस्तकात होताच की.”

म्हणजे सामना आदल्या रात्रीच मी जिंकला होता. चिपळूणच्या लॉजमध्ये अंघोळ करत असताना. कुणी मला सांगितलं नाही, आणि मी आज भर दुपारी देवाच्या अंगाला नख लावून तो जिंकलेला सामना हरून आले होते.

“अहो, तुम्ही हे मला सकाळी का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“खूश नाहीस का तू?”

“बासष्ट पायऱ्या आहेत तिथं!”

“तुला तर त्या…”

“कठडा एकाच बाजूला आहे. तुम्हाला सत्तेचाळिसाव्या पायरीवर धाप लागली. उद्या कुणाचं काही झालं तर खाली कुणी न्यायचं, भिलाऱ्यांनी? हे घर घ्यायचं. अक्का इथं येणार आहेत.”

भूगोलाच्या मास्तरांना नद्यांचे उगम सांगता येतात. बाकी कशाचा उगम कुठं, ते त्यांना कधी कळलं नाही. “अक्का हो म्हणाली?” एवढंच त्यांनी विचारलं.

“कौल मिळालाय त्यांना.”

“बघ! उजवी ना?” ह्यांचा चेहरा उजळला. “मी सांगितलं होतं. झरोका त्या बाजूलाच आहे.”

आम्ही पालवेळला राहायला आलो. मला वाटलं होतं अक्का बदलेल. अजिबात नाही. समुद्राच्या हवेनं तिचा घसा साफ झाला आणि खाकरणं आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागलं. गावातल्या बायका तिला भाव विचारून मासळी घेऊ लागल्या. ही आयुष्यभर शाकाहारी, पण कोळिणीशी घासाघीस करायला पुढे. कौलाचं मी तिला एक दिवससुद्धा सांगितलं नाही.

पण देवाचं ओझं होतं. तीस वर्षांत एक खोटी सही केली नव्हती, आणि केली ती थेट देवाच्या नावावर. म्हणून दर कार्तिकात, त्याच सोमवारी, मी भैरीला गुपचूप एक नारळ ठेवू लागले. दंड म्हणून. गुरव नारळ फोडायचा, अर्धा ठेवून अर्धा परत द्यायचा. “कशाबद्दल हो, बाई?” एकदा त्यानं विचारलं. “असंच,” मी म्हणाले. “असंच म्हणणारी माणसं नेमानं येत नाहीत,” तो म्हणाला, पण पुढे काही विचारलं नाही.

नवव्या वर्षी मी नारळाची वाटी घेऊन घरी आले. हे समुद्रावर गेले होते. रोज जायचे, वाऱ्याची दिशा वहीत लिहायचे. अक्का पडवीत खवणी घेऊन तयारच बसलेली. चौऱ्याऐंशी वय, पण ओला नारळ दुसऱ्या कुणाला खवू द्यायची नाही. मी वाटी तिच्या हातात दिली.

“हा नववा ना गं?”

“कसला नववा?”

“दंडाचा नारळ.”

मी जागच्या जागी बसले. खवणी चालू राहिली.

“अक्का, तुम्हाला… तुम्हाला तर दिसत नव्हतं.”

“मोतीबिंदू डाव्या डोळ्यात होता. उजव्या डोळ्यानं मी तेव्हा सुईत दोरा ओवत होते. तूच द्यायचीस दोरा. तीस वर्षं मोजदाद केलीस आणि सासरच्या माणसाचा एक डोळा मोजायचा राहिला?”

“पण तुमचं डोकं खाली होतं!”

“डोकं खाली होतं. डोळा उघडा होता. आधी डावी पडलेली दिसली. मग तुझा हात आला, त्यातली हिरवी बांगडी. मग उजवी पडली.” तिनं वाटी फिरवून घेतली. “भारी नखं वाढवायचीस तेव्हा.”

“म्हणजे मी मागं उभी आहे हे तुम्हाला…”

“मी एवढ्या मोठ्यानं का बोलत होते? भैरी काही बहिरा नाही.”

समुद्राचा आवाज येत होता. शेवटी मी म्हणाले, “म्हणजे देव जा म्हणाला हे ठाऊक असून तुम्ही आलात?”

“देवाशी संसार करायचा होता का मला? त्याला आपलं एक मत होतं, त्यानं दिलं. चांगलं दिलं, चुकीचं नव्हतं.” ती खवलेलं खोबरं बोटानं गोळा करू लागली. “मला ज्या माणसाचं मत पाहिजे होतं त्याचं मिळालं.”

“आणि मी तिथं नुसती उभी राहिले असते तर?”

अक्कानं खवणी थांबवली. जरा आठवल्यासारखं केलं, पण आठवायची गरज नव्हती हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

“गावातून दोनची चिपळूणची गाडी होती,” ती म्हणाली. “माझी पिशवी मी देवळाशी उतरल्यावरच जीपवाल्याकडून देवळामागं ठेवून घेतली होती. तिकिटाचे सुटे पैसे पदराला बांधलेले. तुम्ही जेवून येईपर्यंत मी घाटात असते.”